जाळीचा हातमोजा

४ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही मी हौसेने धरलेली नाही. आमच्या शिरगावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर अक्षदा यांनी सांगितलं म्हणून धरली. हृदयाचा ईसीजी काढून झाला, साखर तपासली, थायरॉइड झालं, मानेचा एक्स-रे झाला. सगळे कागद एकावर एक ठेवून त्या म्हणाल्या, "काका, हे सगळे कागद चांगले आहेत. आता एक कागद तुम्ही लिहा." काय होतं, किती वाजता होतं, आणि त्याच्या जरा आधी काय चाललं होतं, एवढं लिहायचं. पंधरा दिवसांनी दाखवायचं. खाडाखोड चालेल म्हणाल्या.

होतं ते असं. उजवा हात थरथर कापतो. दातावर दात घट्ट बसतात, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो. मध्येच श्वास अर्ध्यावर थांबल्यासारखा वाटतो, पुरता आत जात नाही. पोट साफ नाही. महिना झाला.

मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. चोवीस वर्षं झाली. लांब टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक लावायचे, वर खडूने आखायचं, आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून चालवत न्यायचं. शिवणारा चुकला तर एक पँट जाते. मास्तर चुकला तर सत्तर जातात. माझा सगळा संसार या उजव्या मनगटावर उभा आहे. कारखान्याच्या मालकांना, हरेशशेठना, अजून सांगितलेलं नाही.

आजचं. सकाळी सव्वासहा. देवाला फूल वाहताना हात कापला, फूल समईत पडलं. आधी काय चाललं होतं: काही नाही. पूजाच चालली होती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पूजेच्या वेळी हात कापला. दहा वाजता मशीनचा खटका दाबताना कापला. दुपारी डबा खाताना नाही. चार वाजता पुन्हा मशीनवर. आधी काय: काही नाही.

घरी बायको, नूतन, जेवण वाढताना हाताकडेच बघत होती. म्हणाली, "जेवताना बरा गप्प बसतो हो तुमचा हात. देवापुढे आणि कामावरच कापतो. आळशी झालाय."

आमची मुलगी किर्ती हसली. मीही हसलो. पण खरंच तसं आहे. आजार असेल तर त्याने वेळ बघून यावं कशाला?

अक्षर मात्र अजून चांगलं आहे. मुरबाडकडच्या आमच्या गावी चौथीपर्यंतची शाळा देवळात भरायची. गुरुजी कित्ता गिरवून घ्यायचे, वेलांटी वाकडी गेली की पाटीच पुसायला लावायचे. माझे वडील जन्मभर अंगठा उठवत. मी पहिल्यांदा सही केली तेव्हा तो कागद त्यांनी शेजारच्या चार घरांत फिरवून दाखवला होता. कारखान्यातल्या गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या, नोटिसा, अर्ज, सगळं अजूनही माझ्याकडूनच लिहून घेतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज शेठनी केबिनमध्ये बोलावलं. कामगार अधिकाऱ्यांचं पत्र आलंय. अठरा डिसेंबरला कल्याणला चौकशी, मी हजर राहायचं.

डॉक्टरबाई हे वाचणार, तेव्हा काय ते सांगतो. दसऱ्याच्या दिवशी आमच्याकडे अपघात झाला. आनंदा माझ्या समोर उभा राहून थर धरायचा. आठ वर्षं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मशीन मी चालवत होतो. थर धरणाऱ्याने घालायचा एक स्टीलच्या जाळीचा हातमोजा असतो. तो त्याच्या हातात नव्हता. एवढं खरं आहे. तसा कागद मी लिहून दिला, कारण अक्षर माझं चांगलं. 'हातमोजा उपलब्ध असूनही कामगाराने स्वतःच्या हलगर्जीपणामुळे वापरला नाही.' शब्द शेठच्या वकिलाचे. सही माझी. तो कागद चौकशीत टिकला तर दोष आनंदाचा ठरणार, आणि शेठ त्याचं काहीच देणं लागत नाहीत, कामावर परत घेणंही नाही.

शेठ म्हणाले, "मास्टर, टेन्शन लेने का नहीं, साईं. साहेब विचारणार, ही सही तुझी? तू बोल, हां जी, मेरी. बस. चहा पी के वापस."

"आणखी काही विचारलं तर?"

"काय विचारणार? तू लिहिलंय ना सगळं. क्या मस्त अक्षर आहे!"

साडेअकरा ते दीड, लघवीला चारदा जावं लागलं. जबडा आवळलेला. आधी काय: काही नाही. (शेठशी बोललो.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी कारखाना बंद असतो. अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तिथं गाभारा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. लहानपणापासून जिथं तिथं देव उंचावर पाहिला, इथं मात्र आपण खाली उतरायचं, म्हणून मला ही जागा आवडते. आज निम्म्या पायऱ्यांवर श्वास अडला. भिंतीला हात लावून उभा राहिलो. मागच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, चढताना दम लागतो, उतरताना नाही!" आजोबा म्हणाल्या. मला पन्नास पुरी व्हायची आहेत.

दर्शन न घेताच वर आलो.

बाहेर रिक्षांपाशी श्रद्धा भेटली, आनंदाची बायको. भाजीची पिशवी होती हातात. मला वाटलं तोंड फिरवेल. ती थांबली.

"मास्तर, बरं नाय का तुम्हाला? केवढे उतरलात!"

"बरा आहे. आनंदा कसा आहे?"

"फिरतोय. चार-पाच कारखान्यांत जाऊन आला. नाव सांगितलं की विचारतात, तोच ना, मोजा न घालणारा? मग म्हणतात, बोलावू." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी विचारते त्याला, का नाय घातला रे बाबा? काय बोलतच नाय. तुम्ही होता ना समोर. तुम्ही तरी सांगायचं त्याला, घाल म्हणून."

मी काय बोललो ते आठवत नाही. पिशवीतून तिने दोन लिंबं काढून माझ्या हातात दिली. "सरबत घ्या, मास्तर. पित्त असंल."

हात इतका कापला की एक लिंबू रस्त्यावर पडलं. आधी काय: काही नाही, तिच्याशी बोलत होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे वही नेली. त्यांनी सावकाश वाचली. मला वाटलं पायऱ्यांबद्दल विचारतील.

"काका, चौदा दिवसांत तुम्ही 'काही नाही' किती वेळा लिहिलंय माहीत आहे?"

"काहीच नव्हतं म्हणून लिहिलं."

"आणि हा आनंदा? बघावं तिथं तोच. तो काहीच नाही का?"

मी जरा चिडलो. म्हणालो, कामावर अपघात होतात, चोवीस वर्षांत तीन पाहिले, त्याने हात कापत नसतात. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "गावाला घरी कुत्रा होता?"

"होता."

"चोर आला की तो भुंकतो. अंगाचंही तसंच आहे. संकट दिसलं की हृदय जोरात चालतं, श्वास वर वर होतो, पोट आपलं काम थांबवतं, दंड-जबडा-मनगट आवळतं. पळायला नाहीतर भिडायला तयार. हा काही आजार नाही, राखण आहे. चोर गेला की कुत्रा गप्प बसतो, अंग सैल पडतं. तुमचा दसऱ्यापासून भुंकतोय. दीड महिना अंग आवळलेलंच राहिलं तर झोप जाते, पचन जातं, हात कापायला लागतो, माणूस चिडचिडा होतो. हे सगळं खरं असतं, मनाचे खेळ नसतात."

मी म्हणालो, "आमच्या कुत्र्याला भाकरी टाकली की गप्प व्हायचा."

"भाकरी मी पण देते," त्या म्हणाल्या. पाच दिवसांच्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि श्वासाचा एक प्रकार शिकवला. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. "पण दार कुठं उघडं राहिलंय ते तुम्हालाच बघावं लागेल."

पोरीच्या वयाची बाई. बोलणं मात्र नीट आहे. तरी घरी येताना वाटलं, उगाच वही दाखवली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झोप लागली. श्वासाचं करतो आहे. आकडे मोजण्याऐवजी नाम घेतो. चार नामं आत, सहा नामं बाहेर. बसल्या जागी बरं वाटतं, खांदे खाली येतात. मशीनजवळ गेलो की नाम सुटतं आणि नुसते आकडे उरतात.

आनंदाच्या जागी नवा माणूस आहे, बिहारकडचा, चांगला आहे बिचारा. पण न बोलता धरतो. आनंदा प्रत्येक वेळी दोन्ही पंजे थरांवर दाबून म्हणायचा, "धरलंय, मास्तर." ते ऐकल्यावरच मी खटका दाबायचो. आठ वर्षं तसंच. आता मी खटक्यावर बोट ठेवून वाट बघत राहतो, आणि तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

नूतनने दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला, याचा अर्थ दृष्ट नव्हती म्हणतात. मग ती म्हणाली, "देवीचं काही राहिलंय का बघा. नवरात्रात काही चुकलं का? कारखान्यातली पूजा तुम्हीच मांडता ना?"

मला राग आला. माझ्याकडून पूजेत कधी चूक झालेली नाही. खंडेनवमीला मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पूजा मांडली होती. समाप्तीची उत्तरपूजा दसऱ्याला संध्याकाळी व्हायची, तोवर मांडलेल्या वस्तूंना हात लावायचा नसतो. पण शेठचा माल निघायचा होता, दसऱ्याला सकाळीच ते म्हणाले मशीन काढ. मी नको म्हणत होतो. शेवटी देवीची क्षमा मागून तेवढं मशीन काढलं. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. देवी रागवेल असं मी काही केलेलं नाही. उलट हातमोजासुद्धा मी जागचा हलवू दिला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कालचं शेवटचं वाक्य सकाळपासून तीनदा वाचलं. खोडणार होतो. खोडलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सुट्टी. नूतन आणि किर्ती बाजारात गेल्या आहेत. घरात मी एकटा. लिहून टाकतो.

कारखान्यात जाळीचा हातमोजा एकच आहे. तो मी घासून, पुसून पूजेत ठेवला होता, देवीच्या तसबिरीपुढे, पाटावर, वर झेंडूचं फूल. दसऱ्याला सकाळी मशीन काढावं लागलं तेव्हा माझ्या मनाला लागलं. मांडलेली पूजा मोडली असं झालं. मग मी मनाशी ठरवलं की निदान हातमोजा तरी राहू दे. एक वस्तू जागेवर राहिली की पूजा मोडली असं होत नाही. हे कुणी सांगितलेलं नाही, पोथीत नाही. माझ्या मनाने काढलेली पळवाट.

थर सत्तरच्या वर होते. आनंदा म्हणाला, "मास्तर, मोजा?"

मी म्हणालो, "पूजेत आहे. आजच्या दिवस सांभाळून धर."

तो पाटाकडे बघून म्हणाला, "मी घेऊ का काढून? परत ठेवतो तसाच."

मी म्हणालो, "नको. तू हात लावू नकोस."

त्याने पुढं काही विचारलं नाही. पंजे टेकले. "धरलंय, मास्तर," म्हणाला. मी खटका दाबला. कमरेच्या पट्टीचा कोपरा होता, वळण घेताना थर सरकले. पातं कापडातून जातं तेव्हा मुठीला एक भुरभुर लागते. मध्येच ती बदलली. तेवढंच. मला कळलं आणि मी खटका सोडला, पण मनगटाला आधी कळलं होतं.

आनंदाला दवाखान्यात सोडून आल्यावर संध्याकाळी मी उत्तरपूजा केली. हातमोजा पाटावरून उचलला, त्यावरचं फूल काढलं. सहाच्या सुमारास. म्हणजे सगळं वेळेवर झालं.

आज हात: लिहायला लागल्यापासून कापतो आहे. वेलांट्या बघा. आधी काय चाललं होतं ते वर लिहिलं आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

आज रेघ सुटली. अडुसष्ट थरांत पँटच्या पुढच्या भागाचा काप बोटभर आत गेला. सगळा बाद. नव्या माणसाने हात झटकन मागे घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मशीन बंद करून बाहेर जाऊन बसलो.

शेठ आले. ओरडतील असं वाटलं. ते शेजारी बसले, माझा हात हातात घेऊन बघितला. "कितने दिन से, मास्टर?"

"दसऱ्यापासून."

माणूस वाईट नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत गाडी दिली होती. म्हणाले, "अठरा को साइन बोल दे. मग महिनाभर गावाला जा. पगार चालू. वापस आके आखणी कर, खडू पकड, मशीन दुसरा चलाएगा. लेकिन साइन बोल दे, हां?"

मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, मलाही माहीत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आनंदाकडे गेलो. अंबरनाथ पूर्वेला त्यांची चाळ आहे. आठ वर्षांत कधी गेलो नव्हतो. तो माझ्या घरी सत्यनारायणाला येऊन गेला होता, दोनदा. पत्ता विचारत जावं लागलं.

दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "चैत्यभूमीला गेलेत सगळे. उद्या सहा तारीख ना."

दर वर्षी पाच आणि सहा डिसेंबरची त्याची रजा मीच लिहून द्यायचो, माझ्या चांगल्या अक्षरात. आणि तरी विसरलो.

८ डिसेंबर, सोमवार

जबडा. श्वास. तीन वाजता उलटी. गोळ्या केव्हाच संपल्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज भेटला. श्रद्धा कामावर गेली होती. त्याने खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली उदबत्तीचं घर. डावा हात मांडीवर पालथा ठेवला होता.

मी म्हणालो, "आनंदा, कागद मी लिहिला."

"माहीत आहे. तुमचं अक्षर लांबून ओळखू येतं."

"मग बोलला का नाहीस? श्रद्धालाही नाही सांगितलंस."

तो म्हणाला, "काय सांगू? मास्तरांनी मोजा दिला नाय म्हणून? तिने उद्या येऊन कारखान्यात बोंब मारली असती. मग साहेबांनी तुम्हाला विचारलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता, मी असं काही बोललोच नाय. ते मला ऐकायचं नव्हतं. बोटं गेली ती गेली. आठ वर्षं समोर उभा होतो तुमच्या."

मी त्याला पूजेचं सांगितलं. मशीन काढावं लागलं, मनाला लागलं, म्हणून हातमोजा ठेवला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, एक विचारू? राग नाय ना येणार?"

"विचार."

"शेठनी हात घालून मोजा उचलला असता तर त्यांना म्हणाला असता का, तू हात लावू नकोस?"

मी म्हणालो, उत्तरपूजा व्हायची होती. तो म्हणाला, ते कळलं. मी विचारलं ते वेगळं होतं.

बाहेर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत होता. शेवटी मी म्हणालो, "मला माहीत नाही, आनंदा." हेच खरं आहे. तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मी रोज शोधतो आहे. पूजा होती हे नक्की. तेवढीच होती का, हे सांगता येत नाही. माझ्या घरी सत्यनारायणाला तो आला तेव्हा प्रसाद त्याने उंबऱ्याशीच घेतला होता. मी आत ये म्हणालो नव्हतो. तोही आत आला नव्हता. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

"नाय माहीत, हे तरी बोललात," तो म्हणाला. "चहा घेणार? एका हाताने करतो, वेळ लागंल."

मी उठून पातेलं धरलं, त्याने साखर टाकली. चहा प्यायलो.

घरी आल्यावर लक्षात आलं, हात कापला की नाही ते बघायचं राहिलं.

१५ डिसेंबर, सोमवार

नूतनला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती, नळ बंद करून ऐकत राहिली. मला वाटलं नोकरीचं काढेल. किर्तीचं शेवटचं वर्ष आहे, घराचे हप्ते आहेत. काढलंच तिने, काढायलाच हवं होतं. बराच वेळ बोलली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि हे दोन महिने पोटात ठेवलंत? आधी बोलला असता तर माझ्या मिरच्या तरी वाचल्या असत्या."

किर्तीने विचारलं, "बाबा, मग त्या दिवशी तिथं काय सांगणार?"

"जे झालं ते."

"लिहून न्या," ती म्हणाली. "तोंडी बोलताना तुमचा श्वास अडकतो."

१८ डिसेंबर, गुरुवार

चौकशी झाली. घरी आलो, अंघोळ केली, आता लिहितो.

काल संध्याकाळी दोन पानं लिहिली. खरं तर चार वेळा लिहिली. अक्षर बघवत नाही. गुरुजींनी पाटी फेकून दिली असती. हातमोजा पूजेत होता. त्याने मागितला. मी दिला नाही. तू हात लावू नकोस म्हणालो. हेही लिहिलं. का म्हणालो ते सांगता येत नाही, हेही लिहिलं.

लहान खोली होती. एका बाजूला शेठ आणि त्यांचे वकील, दुसरीकडे आनंदा आणि श्रद्धा. श्रद्धा माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे त्याने तिला सांगितलं असणार. साहेबांनी ऑक्टोबरचा कागद पुढे केला.

"ही सही तुमची?"

"माझी."

शेठनी सुस्कारा सोडला.

"पण लिहिलंय ते खरं नाही," मी म्हणालो, आणि श्वास अडला तो अडलाच. चार नामं आत, सहा बाहेर. साहेब थांबले. मी खिशातली पानं काढून टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली. मोठ्याने नाही, पण पान उलटताना एकदा आनंदाकडे बघितलं.

वकील उठले. दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरून म्हणाले, "साहेब, या जुळत नाहीत. ही एका माणसाची सही दिसत नाही. दबावाखाली कुणी लिहून घेतलंय."

खरंच जुळत नव्हत्या. पहिली छापल्यासारखी सरळ. दुसरी मुंगी शाईतून चालत गेल्यासारखी.

साहेब म्हणाले, "काय हो? दोन्ही तुमच्याच?"

"दोन्ही माझ्याच, साहेब. पहिली केली तेव्हा हात कापत नव्हता."

"माझ्यासमोर पुन्हा करा."

केली. तिसरी आणखी वेगळी आली. शेठ मान खाली घालून बसले होते. हळूच म्हणाले, "मास्टर, घर चल. तबियत ठीक नहीं तेरी." रागाने नाही म्हणाले. तेच जास्त लागलं.

साहेबांनी तिन्ही सह्या पुन्हा पाहिल्या. मग म्हणाले, "सहीवर उद्या वाद नको. अंगठा उठवा शेजारी."

शिपायाने शाईची डबी आणून ठेवली. मला वडील आठवले. ते कचेरीत अंगठा उठवताना आजूबाजूला बघायचे, कुणी हसतंय का म्हणून. मी अंगठा शाईवर टेकवला. कागदावर न्यायला गेलो तर हात असा थरथरायला लागला की कागदच टेबलावरून सरकू लागला. दुसऱ्या हाताने धरायला गेलो, तोही कापत होता. एकदा नुसता डाग पडला. साहेब म्हणाले, सावकाश.

आनंदा उठला. टेबलाशी, माझ्या समोर येऊन उभा राहिला, रोज उभा राहायचा तसा. उजवा पंजा कागदाच्या एका काठावर ठेवला. डावा दुसऱ्या काठावर, उरलेली तीन बोटं पसरून, दाबून. कागद हलायचा थांबला.

मी वर बघितलं.

"धरलंय, मास्तर," तो म्हणाला.

मी अंगठा टेकवला.